दुभाजकावरचा कोरम

हॅलम रोडच्या मधोमध, दुभाजकावर, ओपल टिबेट्स आपला वॉकर घट्ट धरून उभ्या होत्या. समोर नगरभवन दिसत होतं. सहा वाजता तिथे सायकल आणि पादचारी सल्लागार समितीची सभा होती, आणि सभेपुढे विषय एकच: या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांचा दिवा फार लवकर जातो.

ओपलबाईंच्या एका बाजूला समितीच्या अध्यक्षा हॅरिएट लिंडक्विस्ट होत्या, दुसऱ्या बाजूला सायकल ढकलत आलेला वेंडेल प्रुइट. म्हाताऱ्या बाईला मागे टाकून जाणं बरं दिसत नाही म्हणून दोघं तिच्या चालीनं निघाले आणि तिच्यासकट अडकले. दिवा पुन्हा लागायला बटण दाबावं लागतं, आणि बटणं होती रस्त्याच्या दोन्ही कडांना. मध्ये नव्हतं. "माणूस एका दमात पलीकडे जातो. मध्ये बटण कशाला?" असं शहराचे अभियंते डेस्मंड क्रोल वर्षभर सांगत आले होते.

"मी पळत जाऊन दाबतो," वेंडेल म्हणाला.

"पादचारी समितीचा सभासद नगरभवनासमोर लाल दिवा तोडणार?" हॅरिएट म्हणाल्या. "उद्या पेपरात फोटो बरा दिसेल."

"पण हा दिवा इतका..."

"थांबा. पाचांपैकी आपण तिघं आहोत, म्हणजे कोरम झाला. जाहीर सूचना न देता आपण रस्त्याबद्दल बोललो, तर ती बेकायदा सभा ठरते."

"अहो, पण आपण अडकलोय."

"अडकलोय हेही बोलू नका. तोच आजचा विषय आहे."

गाड्या दोन्ही अंगांनी सुसाट जात होत्या. तिघं वर्षभर दर महिन्याला भेटत होते, पण रस्ता सोडून बोलायचं कशावर, हे कुणालाच सुचेना.

शेवटी ओपलबाईंनीच तोंड उघडलं. "काय रे वेंडेल, बर्फ पडो की पाऊस, तू सायकलच का चालवतोस?"

वेंडेलच्या ओठांवर धूर, हवा, पुढची पिढी असं सगळं आलं होतं. पण हेही कामकाजातच बसेल अशी त्याला शंका आली.

"खरं सांगू? ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चार वेळा नापास झालो. शेवटच्या वेळी तर परीक्षकच मध्येच उतरून चालत घरी गेला."

हॅरिएटबाई हसल्या. हसताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे वेंडेलला आधी वाटलं, ठसकाच लागला.

"मीसुद्धा काही दिव्यासाठी येत नाही हो," ओपलबाई म्हणाल्या. "माझा नवरा लेरॉय गेला तेव्हापासून घरी कुणी वाट बघणारं नाही. इथे निदान कोरमसाठी तरी बघतात."

यावर नियम काय म्हणतो ते हॅरिएटना आठवेना. त्यांनी आपला मफलर काढला आणि ओपलबाईंच्या गळ्याभोवती गुंडाळला.

इतक्यात सभासदांची वाट बघून कंटाळलेले क्रोल नगरभवनातून बाहेर आले. त्यांनी पलीकडचं बटण दाबलं. दिवा लागला, ओपलबाई निघाल्या, तोच वॉकरचं चाक कडेच्या फटीत रुतलं. क्रोल धावत आले, वाकून चाक सोडवलं, कंबर धरून उभे राहिले, तोवर दिवा गेला होता.

त्यांनी दुभाजकावरचा खांब एका बाजूनं पाहिला, मग दुसऱ्या बाजूनं.

"इथे बटण नाहीये," ते म्हणाले.

वेंडेल आभाळाकडे बघू लागला.

"अहो, कुणी बोला की काहीतरी."

"आम्हाला बोलता येत नाही," हॅरिएट म्हणाल्या. "तुम्ही सभासद नाही. तुम्ही बोला."

मग क्रोल बोलले. दिवा फार लवकर जातो, मध्ये बटण हवं, वयस्कर माणसांनी करायचं तरी काय. समितीनं वर्षभर जे जे मांडलं ते सगळं त्यांनी एकट्यानं मांडलं. समिती हाताची घडी घालून ऐकत राहिली.

अखेर नगरभवनात बसलेले उरलेले दोघं सभासद, कोरम काही होत नाही म्हणून घरी निघाले आणि त्यांनी बटण दाबलं. क्रोल पुढे होऊन गाड्यांना हात दाखवत उभे राहिले, ओपलबाई पार होईपर्यंत हलले नाहीत. हॉर्न वाजले. लोकांनी काचा खाली करून त्यांना नावं ठेवली.

पुढच्या महिन्याच्या सभेला ओपलबाई एका दमात पोचल्या. दिवा आता जास्त वेळ राहत होता, मध्ये नवं बटण बसलं होतं.

"ठराव झालाच नव्हता," हॅरिएट म्हणाल्या. "मग हे झालं कसं?"

क्रोलनी चष्मा पुसला. "ठराव लागतच नव्हता. वेळ बदलणं माझ्याच हातात आहे."

"मग आम्ही वर्षभर काय करत होतो?" वेंडेलनं विचारलं.

"शिफारस."

"आता आणखी काही विषय?" हॅरिएटनी विचारलं.

ओपलबाईंनी हात वर केला. "दुभाजकावर एक बाक हवाय."

"बाई, आता तिथे थांबायची गरजच नाही," क्रोल काकुळतीनं म्हणाले. "सगळे एका दमात पलीकडे जातात."

"हो ना. म्हणून तर पंचाईत झाली," ओपलबाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात गप्पा छान रंगल्या होत्या."

क्रोल सुरक्षिततेचे नियम सांगू लागले. हॅरिएटनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"चौघं मावतील एवढा," त्या म्हणाल्या, आणि ठराव मताला टाकला.