पत्रिकेतली चौथी चूक

गेल्या वैशाखात शिवलिंगअप्पांनी एका लग्नपत्रिकेच्या प्रुफात चार चुका शोधल्या आणि तीनच दुरुस्त केल्या. लातूरच्या त्या छापखान्यात तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अप्पा पत्रिकांची मांडणी करत. शेजारच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात मी उपसंपादक होतो आणि चहाला त्यांच्याकडे जायचो. गिऱ्हाईक आलं की अप्पा रंग, कागद, गणपती यांतलं काही विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला होता.

“भांडण कोणाशी हाय?”

“भांडण कशाचं, अप्पा? लग्न हाय घरात.”

“म्हणून तर इचारतोय.”

मग अर्ध्या तासात रुसलेले मामा आणि अबोला धरलेले साडू बाहेर पडत. निलंग्याच्या एका घरातले दोन जावई एकमेकांचं तोंड बघत नव्हते. अप्पांनी एकाचं नाव पुढच्या पानावर घेतलं, दुसऱ्याचं मागच्या. “पत्रिका मिटली तरी पाठीला पाठ राहतीय,” ते म्हणाले. तक्रारखोर आत्याबाईंना वेलबुट्टीची चौकट मिळायची. “चौकट भेटली की मानूस गप बसतंय.”

दोन वर्षांपूर्वी मालक बसवराज यांनी संगणकावर एआय घेतलं. तोंडी सांगितलं की मिनिटभरात दहा नमुने तयार.

“बघा अप्पा, लई भारी काढतंय.”

अप्पांनी दहाही नमुने पाहिले. “रंग माझ्यापेक्षा बरे हायत,” ते म्हणाले. “पण भांडण विचारलं का त्यानं?”

बसवराज हसले. गिऱ्हाइकांनाही ते विचारलेलं नकोच होतं. हळूहळू लोक घरूनच, फोनवर पत्रिका तयार करून पाठवू लागले. अप्पांची खुर्ची दाराजवळ आली. काम उरलं ते प्रूफ तपासायचं.

वैशाखातलं ते प्रूफ कंधारहून आलं होतं. नवरी अप्पांची सख्खी पुतणी. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ वीस वर्षं बोलत नव्हते. हे मला बसवराजांनी सांगितलं, अप्पांनी कधीच नाही. पुतणीला आपली पत्रिका आईवडिलांच्या पत्रिकेसारखी हवी होती. तिनं त्या जुन्या पत्रिकेचा फोटो एआयला दिला आणि नवरा, नवरी, तारीख बदलायला सांगितलं. बाकी मजकूर तसाच राहिला. तळाशी छापखान्याचं नाव होतं, म्हणून प्रूफ तिथंच आलं. ती जुनी पत्रिका अप्पांनीच मांडली होती.

निमंत्रकांच्या यादीतली तीन माणसं आता हयात नव्हती. चौथं नाव अप्पांचं होतं.

“तीन वारलेले आन् एक मी,” अप्पा म्हणाले. “मशीनला समदे सारखेच.”

“भावानंच घातलं असेल,” मी म्हणालो.

“न्हाई. त्यानं घातलं असतं तर माझ्या नावापुढं ‘सर’ लावलं नसतं. तवा मीच लावलं होतं. शिकवणी घेत होतो.”

त्यांनी लाल पेन घेतलं. तीन नावांआधी ‘लिं.’ लिहिलं, त्यांच्या समाजात लिंगैक्य झालेल्यांच्या नावाआधी ते लागतं. चौथ्या नावावर पेन थांबलं. नंतर त्यांनी टोपण लावलं आणि कागद बसवराजांकडे दिला.

कंधारहून उत्तर आलं: “ओके. छापा.” नंबर पुतणीचा होता. भावानं प्रूफ पाहिलं होतं का, ते कळलं नाही.

अप्पांना बोलावणं आलं नाही. छापून झालेल्या गठ्ठ्यातून त्यांनी एक पत्रिका काढून घेतली.

लग्नाच्या सकाळी ते मला लातूरच्या बसस्थानकावर दिसले. अंगात इस्त्रीचा सदरा, काखेत आहेराच्या साडीची पिशवी. मी नमस्कार केला, तो त्यांच्या लक्षात आला नाही. ते कंधारच्या गाडीत खिडकीशी बसले. वाहकानं कुठं जायचं विचारलं.

“कंधार,” अप्पा म्हणाले. “घरचं लगीन हाय.”