भलत्याच देव्हाऱ्यापुढची मागणी

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून गोष्ट ऐकली की झोप लागते. आज आमच्या सेफेरिनोची फजिती सांगतो. हसून पोट दुखलं तर दोष देवाला द्या, घडवून आणणारा तोच.

सेफेरिनो पाहुण्यांना गाडीत घालून आमचा झापोटेक लोकांचा मुलूख दाखवतो. सकाळी तुलेचं अजस्र झाड, मग तेओतित्लानला विणकराचं घर, दुपारी मित्लाचे भग्न महाल आणि शेवटी डोंगरावरचा दगडी धबधबा. त्या दिवशी मात्र त्याने एकाच फेरीत घरचंही काम उरकायचं ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

त्याचा भाचा आबुंदिओ मित्लाच्या सिरियाकोची मुलगी घेऊन पळाला होता. त्यात नवल नाही, निम्मं गाव असंच संसाराला लागलं आहे. पण मग मुलाकडच्यांनी मुलीच्या दारी जाऊन माफी मागायची असते. तीही रिकाम्या हाताने नाही, आणि आपल्या तोंडाने तर नाहीच. जिवंत टर्कीची जोडी, पाव, मेणबत्त्या, मेस्काल दारूची बाटली असं सगळं देव्हाऱ्यापुढे मांडायचं, आणि शब्द जाणणाऱ्या वडीलधाऱ्याने सर्वांच्या वतीने बोलायचं. सिरियाकोने आधीच एकदा दार लावून घेतलं होतं. आता दुपारपर्यंत आलात तर ठीक, नाहीतर पोरीचं तोंड पाहणार नाही, असा त्याचा निरोप होता.

बोलायला क्रिसोफोरोकाका होते. काय सांगू त्यांची वाणी! अर्धं बोलणं, अर्धं गाणं. ऐकताना मेणबत्तीसुद्धा सावकाश जळते. काका विधुर, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि एकदा सुरू झाले की त्यांना थांबवणं म्हणजे पाप.

गाडीत जागा नव्हती, म्हणून पाव आणि मेणबत्त्या पाहुण्यांच्या मांडीवर आल्या. एक टर्की ग्वादालाहाराच्या मारिसेलाबाईंनी घेतली. तुलेचं झाड पाहून होईपर्यंत ती त्यांच्या कुशीत झोपलीही. पाहुण्यांना वाटलं, हे सहलीतच धरलेलं असणार.

तेओतित्लानला विणकर इलारिओच्या दारात सर्वांना उतरवून सेफेरिनो गाडी मागच्या झाडाखाली लावायला गेला. वाटभर झोपलेल्या काकांना उतरताना नुकती जाग आली होती. समोर मातीचं घर दिसलं, चॉकलेटचा वास आला, तेव्हा मित्ला आलं अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी पाहुण्यांना रांगेत उभं केलं, रिकाम्या हाताने कोणी आत यायचं नाही म्हणून दटावलं, आणि अख्खी वरात थेट देव्हाऱ्यापुढे नेली.

सेफेरिनो परतला तेव्हा मेणबत्त्या पेटल्या होत्या आणि काका रंगात आले होते. "तुमच्या अंगणातली चांदणी आमच्या लेकरानं नेली. चूक पदरात घ्या." इलारिओ हातात धोटा धरून घरातली माणसं मोजत होता. बायको रंगाच्या हंड्यापाशी, मुली शाळेत. नेलं कुणाला, ते कळेना. सेफेरिनोने खुणा केल्या, खोकून पाहिलं. ऐकायला जमलेल्या इलारिओच्या शेजारणीने त्याला चिमटा काढून गप्प केलं.

काका थांबले. कोपऱ्यातून इलारिओची विधवा आई, हासिंता आजी, शाल सावरत पुढे आली.

"मला अजून कुणी नेलं नाही बाबा," ती म्हणाली. "पण इतकं गोड बोलतोयस, तर विचार करते. कोण आहे तो?"

काका आवाजाच्या रोखाने डोळे किलकिले करून पाहू लागले. आजीने तेवढ्यात कढत चॉकलेटचा वाडगा त्यांच्या हातात दिला. तो घेतला की जेवल्याशिवाय उठता येत नाही, आणि देव्हाऱ्यापुढे ठेवलेलं परत उचलता येत नाही. उरली फक्त मारिसेलाबाईंची टर्की. झोपमोड होईल म्हणून त्यांनी ती खाली ठेवलीच नव्हती.

दुपार टळायच्या आत सेफेरिनो मित्लाला पोचला. सोबत एक टर्की, गाडीभर पाहुणे, आणि बोलायला कोणी नाही. सिरियाको दारात हाताची घडी घालून उभा होता. भाचा पोरीला घेऊन आधीच येऊन बाजूला उभा होता; त्याचा चेहरा पाहून सेफेरिनोने तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते रोजचंच.

"मंडळी, मौल्यवान वस्तू गाडीत ठेवू नका, शौचालय डावीकडे आहे. आणि या मित्लाच्या भिंती. दगडात दगड बसवलाय, मध्ये चुना नाही, काही नाही. एवढे भूकंप झाले, नक्षी हलली नाही."

पाहुण्यांनी सवयीने भिंतीकडे पाहिलं. भिंत सिरियाकोच्या गोठ्याची होती.

"चुना नाही," सिरियाको सावकाश म्हणाला. "मग उद्या ही दोघं भांडली, तर कशानं चिकटून राहायची?"

"चिकटून नाही राहत, दादा," सेफेरिनो घाम पुसत म्हणाला. "एकमेकांच्या खाचेत बसतात."

सिरियाकोने पोरीकडे पाहिलं. ती खाली मान घालून आबुंदिओच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावत होती. मग तो आत वळून बायकोला म्हणाला, "चॉकलेट फेसायला घे. माणसं पुष्कळ आहेत."

त्यानंतर सगळे मिळून दगडी धबधबा पाहायला गेले. जन्मभर मित्लात राहून सिरियाकोने तो पाहिला नव्हता. पाणी पडायचं कधीचं थांबून नुसता दगड उरलाय, हे कळल्यावर तो वाटभर कुरकुरत राहिला.

उतरत्या उन्हात सेफेरिनो काकांना न्यायला तेओतित्लानला आला. आजी बोलत होती आणि काका ऐकत होते. तिला श्वास घ्यावा लागला, तेवढ्यात काका त्याच्या कानाशी लागले.

"मित्लाला तू बोललास म्हणे. आता इलारिओशी बोल. माझ्यासाठी."

पुढल्या उत्सवात काका-आजींचं लग्न लागलं. तेव्हा, मायबापहो, सांजवेळी देवापुढे हात जोडाल तेव्हा क्रिसोफोरोकाकांचं नाव तुम्हीच घ्या. त्यांना घरात आजीपुढे अजून स्वतःचं नाव घ्यायलाही फुरसत मिळालेली नाही.