सीलबंद उतारा

"बर्फ कुठं गेला?" वडिलांनी विचारलं.

"तळाशी," मुलगी म्हणाली.

"तळाशी? बर्फ? लाज वाटत नाही?"

"बाबा, उताऱ्यातला मामा सांगतोय तसं. तळं गोठलं नि बर्फ तळाशी जाऊन बसला. इथं लिहिलंय."

"उद्या लिहिलं सूर्य पश्चिमेला उगवतो, तर?"

"तर उत्तर पश्चिमेला. उताऱ्यात असतं तेच लिहायचं. मला आधी पूर्ण वाचू तरी द्या ना!"

दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता. उताऱ्यांच्या प्रश्नांत मुलगी दोनदा नापास झाली होती; तिसऱ्यांदा झाली, तर शाळेच्या पोहण्याच्या संघातून तिचं नाव कटणार होतं. तिच्या हातात सरावाचं एकच पुस्तक होतं आणि तीन ओळी वाचून झाल्या होत्या.

वडील वजनमापांचे निरीक्षक होते. तराजूत पहिला दोष सापडला की तपासणी तिथंच थांबवायची आणि तराजू सील करायचा, हा त्यांचा एकवीस वर्षांचा शिरस्ता. तो कार्यालयात ठेवून घरी यावं, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं होतं; पण ते लेखी नव्हतं.

त्यांनी फ्रीजमधून बर्फाचा खडा काढून पाण्याच्या पेल्यात टाकला. बर्फाला इंग्रजी येत नव्हतं, तो तरंगला.

"बघ! पोरांच्या डोक्यात असला कचरा भरतात!" असं म्हणत त्यांनी बॅगेतून तार काढली, पुस्तकाला आडवी-उभी आवळली आणि तिच्या गाठीवर शिशाचं सील दाबलं.

"अहो, तिचा पेपर उद्या आहे!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "पुस्तकाला कसली बेडी घालताय?"

"सदोष माल वापरात राहणार नाही."

"मग मी काय वाचू? तार?" मुलगी रडवेली झाली, आणि मग भडकली. "तुम्ही कधीच कुणाचं पूर्ण ऐकत नाही!"

हे वाक्यही वडिलांनी पूर्ण ऐकलं नाही. एका हातात सीलबंद पुस्तक आणि दुसऱ्या हातात पेला घेऊन ते शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या इंग्रजीच्या बाईंकडे निघाले. मागोमाग मुलगी. बाई फोनवर बोलत होत्या. दार उघडेपर्यंत वडील घड्याळ पाहत उंबऱ्याबाहेर उभे राहिले. अकरा मिनिटांत पुरावा वितळला.

"पाणी घेऊन आलात?" बाईंनी विचारलं.

"हा बर्फ होता. तरंगत होता. तुमच्या पुस्तकात बुडतो."

"कुठला उतारा? उघडा बघू."

"सील लेखी आदेशाशिवाय उघडत नाही."

"आदेश कोण देतं?"

"मी."

"मग द्या की!"

वडिलांनी बाईंच्याच कागदावर स्वतःला आदेश लिहिला, खाली तारीख घातली आणि तार कापली. बाईंनी पान उलटून पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "वाचा. मोठ्यानं."

वडिलांनी वाचलं. मामानं जन्मात गोठलेलं तळं पाहिलेलं नव्हतं. त्याची थाप ऐकून सगळी भाचरं हसली होती. खाली पहिला प्रश्न होता : मामाची चूक कोणती?

"तिचा पेपर उद्या आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा कधी ठेवू?"

वडिलांनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं.

त्या संध्याकाळी मुलीनं बाईंच्याच टेबलावर चार उतारे सोडवले. वडील जिन्यात बसून राहिले. त्यांना आत येण्याचा आदेश नव्हता.

आठवड्यानं उत्तरपत्रिका पालकांच्या सहीसाठी घरी आली. पंचवीसपैकी एकोणीस. संघातलं नाव शाबूत. उताऱ्याखालच्या शेवटच्या प्रश्नात, पूर्ण न ऐकता रागावणाऱ्या ओळखीच्या एखाद्या माणसावर पाच ओळी लिहायच्या होत्या. त्यात मुलीला पाचपैकी पाच होते.

वडिलांनी उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून वाचली, शेवटचं कोरं पानसुद्धा उलटून पाहिलं, आणि मग त्या पाच ओळींवर बोट आपटलं.

"बर्फ दहा मिनिटांत वितळला? साफ खोटं! अकरा लागली होती!"

मुलीनं त्यांच्या हातात पेन दिलं.

"बाबा, माझ्या उताऱ्यात दहाच आहेत."