वेत्लेची वॉफलची पाळी

गाव करील ते राव काय करील, हे सर्वमान्य सत्य आहे. आमच्या स्कार्वदालला राव नाहीच, त्यामुळे सगळं गावालाच करावं लागतं. बर्फाचं मैदान झाडणं, पोरांचे सामने लावणं, कपडे बदलायच्या खोलीतला वास घालवणं (प्रयत्न चालू आहेत) आणि मुख्य म्हणजे मैदानाच्या टपरीवर वॉफल भाजणं, हे सारं श्रमदानातून चालतं. लोकसंख्या अकराशे चाळीस, वॉफलचे साचे तीन, त्यातला एक रुसलेला. गेल्या हंगामात आमच्या आइस हॉकी संघानं एकोणचाळीस गोल केले आणि टपरीवर चार हजार तीनशे बारा वॉफल खपले. म्हणजे एका गोलामागे साधारण एकशे दहा वॉफल. नॉर्वेत दुसऱ्या कुठल्या संघाचं हे प्रमाण असेल असं मला वाटत नाही. श्रमदान समितीचा मी एकोणीस वर्षं सचिव आहे.

समितीचे नियम तीन. एक, कोणीही स्वतःला विशेष समजू नये. दोन, पाळी बदलता येते, पण बदली माणूस आपला आपण शोधायचा. तीन, कोणीच पुढे आलं नाही तर जो बैठकीला हजर नसेल त्याचं नाव लिहायचं. हा तिसरा नियम लेखी नाही, पण त्याच्यामुळे आमच्या बैठकांना उपस्थिती उत्तम असते.

आमचा वेत्ले गोलरक्षक झाला तो याच नियमानं. तेव्हा सात वर्षांचा होता. सुसाट येणारी चकती अंगावर घ्यायला कोणी तयार होईना, आणि वेत्ले कांजिण्या येऊन घरी पडला होता. बरा होऊन आला तर त्याचे पॅड तयार. पोरगं गुणी. "बरं" म्हणालं आणि जाऊन उभं राहिलं. पुढं दहा वर्षं त्यानं इतके गोल अडवले की शेजारच्या गावांनी तक्रार केली. आम्ही त्याचं कौतुक केलं नाही (नियम पहिला). वार्षिक अहवालात 'गोलरक्षण समाधानकारक' असं मी स्वतः लिहिलं, आणि हे जरा जास्तच होतंय अशी एका सभासदानं हरकत घेतली.

सतराव्या वर्षी स्वीडनच्या एका मोठ्या क्लबनं त्याला नेलं. परदेशातल्या कारकिर्दीबद्दल लोकांच्या कायकाय कल्पना असतात, म्हणून आकडे देतो. सामने तेवीस. पैकी बाकड्यावर बसून तेवीस. प्रत्यक्ष खेळ शून्य मिनिटं. राखीव गोलरक्षकानं बाकड्याचं फाटक उघडायचं आणि लावायचं असतं. ते त्यानं अकराशेच्या वर वेळा केलं आणि एकदाही कोणाचं बोट सापडलं नाही. स्वीडिश वर्तमानपत्रांनी याची दखल घेतली नाही. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. डब्यात पाव आणि आपलं तपकिरी चीज न्यायचा, तर संघातली पोरं विचारायची, साबण खातोस का? आईला मात्र मजेत आहे म्हणून सांगायचा. मला वाईट वाटायचं, पण तसा रकाना अहवालात नाही.

फेब्रुवारीत मुख्य गोलरक्षकाच्या जांघेतला स्नायू दुखावला. हाकान नावाचा प्रशिक्षक आहे, त्यानं वेत्लेला सांगितलं, शनिवारी एक वाजता तू उभा राहणार. गाव हललं. क्लबच्या सभागृहात मोठा पडदा लावायचं ठरलं. एवढी माणसं जमणार म्हणजे वॉफल आलेच. सप्टेंबरातच लावलेली पाळ्यांची यादी पाहिली. शनिवार, बारा ते तीन: वेत्ले.

अठरापर्यंत मुलाची पाळी आईबाप करतात, पुढं ज्याची त्यानं करायची. वेत्लेला जानेवारीत अठरा पूर्ण झाली होती. त्यात त्याची आई गुन्वोर हीच टपरीची प्रमुख, यादी करते तीच. पोटच्या पोराला सवलत दिली तर गाव काय म्हणेल, हे ती जाणून होती. (गाव काही म्हणालं नसतं. नुसतं बघितलं असतं. ते जास्त वाईट.)

तिनं माझ्यासमोर, टपरीतूनच त्याला फोन लावला.

"आई, शनिवारी माझा सामना आहे."

"ठाऊक आहे रे. अख्खं गाव बघणार आहे. म्हणून तर वॉफल लागणार."

"मग तू करतेस का माझी पाळी?"

"मला सामना बघायचाय, वेत्ले. माझा मुलगा खेळतोय."

त्यानं बेचाळीस जणांना फोन केले. उद्धटपणे कोणीही नाही म्हटलं नाही, याचा मला अभिमान आहे. रायदून म्हणाली, माझी पाळी नोव्हेंबरात झाली, परत केली तर बाकीच्यांना ओशाळं वाटेल. ओद्वारची पाठ धरली होती. ती साधारणपणे शनिवारी धरते. उरलेल्या सगळ्यांना तोच सामना बघायचा होता. "तू आयुष्यात पहिल्यांदा उभा राहणार, आणि आम्ही पिठात हात घालून बसायचं होय?" असं माझ्या भावानं त्याला विचारलं. वेत्लेनं पुढचा नंबर लावला. त्यानं मलाही विचारलं होतं. पण सचिवानंच पाळी घेतली तर नोंद कोण ठेवणार?

तो नसता आला तरी चाललं असतं की, असं परके लोक म्हणतात. आमच्याकडे पाळी चुकवलेला माणूस एकच झाला, साल सत्त्याऐंशी. त्याच्या नातवंडांना लोक अजून जरा हळू आवाजात नमस्कार करतात.

शेवटी वेत्लेनं हाकानला खरं ते सांगितलं. हाकाननं ते दोनदा सांगायला लावलं म्हणे. मग म्हणाला, "श्रमदान आमच्याकडेही असतं. पण खेळाडूला नसतं." एवढ्या एका कारणामुळे स्वीडनची हॉकी आमच्यापेक्षा बरी आहे आणि वॉफल आमचे बरे आहेत.

शुक्रवारी आठ तास प्रवास करून वेत्ले घरी आला आणि शनिवारी पावणेबाराला टपरीत हजर झाला. एक वाजता पडदा उजळला. सभागृहात दोनशे साठ माणसं. गोलात एक सोळा वर्षांचं स्वीडिश पोर.

"आपला वेत्ले कुठाय?" ओद्वारनं विचारलं, आणि वेत्लेच्याच हातून दुसरा वॉफल घेतला.

"जॅम घालू?" वेत्ले म्हणाला.

त्या पोरानं एकही गोल होऊ दिला नाही. वेत्लेनं तीनशे सहा वॉफल भाजले, एकही करपला नाही. जागा पोराला मिळाली, वेत्लेला पुन्हा फाटक. तीन वाजता तो साचे पुसत होता, तेव्हा गुन्वोरनं शेवटचा वॉफल त्याच्यापुढे सरकवला आणि तोंड फिरवून उगाच पिठाचे डबे मोजत बसली. अहवालात मी 'वॉफल समाधानकारक' असं लिहिलं. या वेळी कोणी हरकत घेतली नाही.

परवा हाकानचा निरोप आला. ते पोर आठवडाभर आईबापांबरोबर स्कीइंगला जाणार आहे, तेव्हा येत्या शनिवारी एक वाजता वेत्ले. याउपर संधी नाही, हेही त्यानं सांगितलं.

काल बैठक झाली. मागच्या बैठकीला तो हजर नव्हता, त्यामुळे यादीत पुन्हा वेत्लेचंच नाव होतं. या खेपेला त्याला मोकळं सोडावं असं मी मांडलं, आणि ते एकमतानं मंजूर झालं. मग बदली कोण, असं विचारलं. कोणीच पुढे आलं नाही. गुन्वोरनं एकेकाकडे पाहिलं. शेवटी हजेरी घेतली, तर अख्खं गाव हजर.

तुम्ही तेवढे नव्हता.

शनिवार, बारा ते तीन, तुमचं नाव घातलं आहे. इथवर वाचताना तुम्ही आमच्या गावाला मनातल्या मनात नावं ठेवत होता, त्या अर्थी तुम्ही नक्की याल. पीठ समिती देते. रुसलेल्या साच्याला झाकण जरा दाबून धरावं लागतं. जमत नसेल तर जबरदस्ती नाही, बदली माणूस तेवढा आपला आपण शोधा. आणि तेही नाहीच जमलं, तर शुक्रवारी सकाळपर्यंत कळवा, म्हणजे वेत्लेला निघायला बरं पडेल.