कलावतीबाईंची लिंबं

"ठाण्याच्या खाडीपासून कल्याणच्या खाडीपर्यंत माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही!" असं गुप्तहेर महिपतराव स्वतःबद्दल सांगत. मुंग्या त्यांच्याच साखरेच्या डब्यात सुखाने नांदत, हे त्यांचा सहायक पोपट मनातल्या मनात म्हणे. पोपट त्यांचा मेहुणा. बहिणीच्या सुखासाठी माणूस काय काय सोसतो!

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात कोपरीतल्या कलावतीबाईंच्या परसातली कागदी लिंबं नाहीशी होऊ लागली. बाईंचा संशय भाडेकरू धाकूवर.

"सांजेपर्यंत चोर गावला नाय, तर धाकूने बिऱ्हाड उचलायचं," त्यांनी महिपतरावांना बजावलं. धाकू बिचारा पोरंबाळं घेऊन हात जोडून उभा.

महिपतरावांनी भिंगातून झाड न्याहाळलं आणि नाकात काटा घुसवून घेतला.

"पोपट, झाडाने प्रतिकार केलेला आहे!"

"तुम्हाला केला, भावोजी."

पहिला संशय मांत्रिकावर गेला. म्हणून नाक्यावरच्या वाण्याला, दारात लिंबू-मिरची टांगल्याबद्दल, दरडावून झालं. मग कळव्याच्या सरबतवाल्यांची टोळी. तेवढ्यात काट्याला अडकलेली हिरवी चिंधी दिसली.

"हिरवी! म्हणजे चोर झाडाचा वेष घेऊन आलेला!"

पोपटाने चिंधी ओळखली. असलंच हिरवं, फाटलेलं लुगडं काल त्याची बहीण शकूताई शिवत बसलेली. तो गप्प राहणार होता, पण धाकूचा चेहरा बघवेना.

"भावोजी, घरी चहा घेऊ. कलावतीबाई, तुम्हीपण चला."

मागल्या दारी पायरीवर बसून शकू मीठ लावलेलं लिंबू चोखत होती. हातभर ओरखडे. सगळ्यांना बघून ती जागीच थिजली.

"शाबास शकू!" महिपतराव गरजले. "मुद्देमाल पकडलास! चोर कुठे पळाला?"

कलावतीबाई भांडायला पदर खोचून आलेल्या. त्यांनी शकूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खोचलेला पदर हळूच सोडला.

"कितवा गं?"

"तिसरा," शकू मान खाली घालून पुटपुटली.

"तिसरा!" महिपतरावांनी भिंग सरसावलं. "म्हणजे आधीचे दोघे फरार! पोपट, स्टेशनवर नाकाबंदी!"

कलावतीबाई हसून हसून पायरीवरच बसल्या. "जा रं पोपट, धाकूला सांग, बिऱ्हाड राहू दे. आन् येताना उरलीसुरली लिंबं घेऊन ये हिच्यासाठी."

पोपट धावतच परसात पोचला. धाकू घाबराघुबरा पुढे आला.

"गावला का चोर?"

"गावला," पोपट म्हणाला, "पण अजून जन्मायचाय."