साक्षीची बरणी

खरवंडीकरअण्णांसमोर चहा आला की त्यातला चमचाभर ते आधी माशाला पाजत. खोटं वाटेल, पण मी हे रोज पाहत होतो. खिडकीत लोणच्याच्या जुन्या बरणीत एक बोटभर मासा असे. चहा पडला की तो गिरकी घेई. अण्णा चष्म्यावरून त्याच्याकडे टक लावून बघत आणि मगच कपाला तोंड लावत. कॅन्टीनचा भागूजी दुखावून म्हणे, "अण्णा, मी काय इख घालतो व्हय चहात?"

"तू नाही रे घालत. पण माशाला विचारायला आपलं काय जातंय?"

'माशाला विचारलंत का?' हे त्यांचं पालुपद होतं. नवा साबण आणला, विचारा माशाला. माझ्या बायकोच्या खोकल्याचा काढा, तोही विचारा. एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, माशाला काढा पचला म्हणून बायकोचा खोकला जाणार आहे का?" ते म्हणाले, "जाणार नाही. पण बायको तरी जाणार नाही." त्यांना विनोद करायचा नव्हता, ही त्यातली पंचाईत.

नागापूरला तेव्हा नुकते कुठे कारखाने उभे राहत होते. आमच्या कारखान्यात पिकांवर फवारायचं औषध बनायचं. मी माल पाठवण्याच्या खात्यात कारकून, अण्णा प्रयोगशाळेत. 'औषध' हा शब्द त्यांना खपत नसे. "औषध डॉक्टर देतो. आपण विष विकतो," असं ते गिऱ्हाइकांदेखत सांगत. त्यामुळे बाहेरचं कुणी आलं की मॅनेजर सबनीससाहेब त्यांना काहीतरी काम काढून गावात पिटाळत.

कारखान्यातली पिंपं धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात साठायचं. खड्डा भरला की ते ओढ्याला सोडायचं, आणि ओढा खालच्या गावाच्या तळ्याला मिळत होता. असं पाणी सोडण्याआधी कुणाला विचारावं अशी तेव्हा कुणाला गरज वाटत नसे. अण्णांना वाटे. ते टेबलावर बरण्या मांडत. एकीत खड्ड्यातल्या पाण्याचा थेंबभर अंश, पुढचीत जास्त, त्यापुढचीत आणखी जास्त. प्रत्येकीत सारखेच मासे. कितव्या बरणीत अर्धे मासे मरतात, त्यावरून विषाची ताकद कळायची. सगळ्यात शेवटची बरणी नुसत्या स्वच्छ पाण्याची. तिला ते 'साक्ष' म्हणत. "या बरणीतले मासे शेवटपर्यंत जगले तरच बाकीच्यांचं मरण खरं," असं मला समजावत. मालक जुन्या वळणाचे होते. अण्णांच्या बरण्या बोलल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, असं त्यांनी सबनीसांना बजावलं होतं.

मासे आणून द्यायचा गेनू भोई. त्याच तळ्यातले. सायकलला डबा बांधून यायचा आणि दारातूनच विचारायचा, "अण्णा, आमच्या तळ्याचं काय म्हनत्यात बरन्या? घर चालतंय त्याच्यावर."

"विचारतोय गेनू, विचारतोय," अण्णा म्हणायचे.

त्या वर्षी दुष्काळ पडला. आमची विहीर आटली आणि टँकर सुरू झाला. टँकरचं पाणी म्हणजे ब्लीचिंग पावडरचा भपकारा. अण्णा ते परातींत ओतून दोन दिवस उन्हात ठेवत, वास उडाला की मगच माशांना देत. खड्डा काठोकाठ आला होता, तळं आटून डबकं झालं होतं. आता पाणी सुटलं तर डबक्यात ते विरायलाही जागा नव्हती. अण्णांनी शेवटचा, चार दिवसांचा प्रयोग लावला. पहिल्याच दिवशी जास्त विषाच्या बरण्यांमधले मासे उलटे झाले. त्यापुढच्या दिवशी कमी विषाच्या बरण्यांमधलेही गेले. अण्णांचा चेहरा पडला होता, पण मला हायसं वाटलं. आता सबनीस काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी साक्षीच्या बरणीतले सगळे मासे मरून तरंगत होते.

अण्णांनी बरणीला नाक लावलं. मग पहारेकरी इस्माईलचाचांना हाक मारली. चाचा पिकल्या दाढीत हसत आले. "व्हय अण्णा, मीच घातलं पानी. उन्हानं खाली गेल्तं. बाकीच्या बरन्यांत इख हाय, तिकडं हात न्हाई लावला. ह्येच बिचारे साध्या पान्यातले. माझ्या घड्यातलं घातलं, ताजं, टँकरचं."

त्या उन्हाळ्यात घडाभर पाणी म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. मेलेल्या माशांवर आडवा हात धरून अण्णा उभे राहिले, चाचांना दिसू नयेत म्हणून.

"बरं केलंत चाचा," ते म्हणाले. "जा, गेटावर कुणी नाही."

चाचा गेल्यावर मी दार लोटलं. "अण्णा, डब्यात गेनूचे मासे शिल्लक आहेत. साक्षीत दुसरे सोडा. कुणाला कळणार आहे?"

"साक्षीदार बदलून खटला जिंकायचा?"

"अहो, पण निकाल खराच आहे ना!"

"असेल. पण तो मला सिद्ध करता आला नाही."

मला त्या माणसाचा संताप आला. गेनूचं तळं एका बाजूला आणि यांची बरणी एका बाजूला! सबनीसांसमोर अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "प्रयोग रद्द. साक्षीला टँकरचं कच्चं, वास न उडालेलं पाणी गेलं. चूक माझी." सबनीसांनी मालकांना फोन केला. मासे स्वच्छ पाण्यातही मरतात म्हटल्यावर मालक काय बोलणार? पुन्हा प्रयोग करायला खड्डा थांबणार नव्हता. दुसऱ्या दिवशी पाणी सोडायचं ठरलं.

संध्याकाळी अण्णा माझ्या टेबलाशी आले आणि टेम्पो मागितला. कारखान्याचं एकही पिंप त्यांनी घेऊ दिलं नाही. आळीत फिरून तेलाचे डबे गोळा केले. गेनू, अण्णा आणि मी डबक्यात उतरलो आणि जेवढे मासे हाती लागले तेवढे डबक्याच्या पाण्यासकट अण्णांच्या घरामागच्या हौदात आणून सोडले. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं, राहिले ते मेले. काठावर वास सुटला होता. गेनू बायकोला घेऊन खडी फोडायला गेला. जाताना अण्णांना एवढंच म्हणाला, "तुमी इचारलं हुतं. न्हाई म्हनत न्हाई मी."



आठवड्यानं मी पुन्हा अण्णांच्या घरी गेलो; मासे आणले त्या रात्री घर आतून पाहिलंच नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात एक कप, एक ताट. हौदाच्या कठड्यावर मात्र तांबे, वाडगे, पराती उन्हात मांडलेल्या. सगळ्यांत थोडं थोडं पाणी.

"हे काय?"

"चाचा आणून देतात रोज. त्यांच्या वाट्याचं. म्हणतात, हितले तरी तहानेनं मरू नयेत."

"त्यांना सांगून टाका ना एकदा, त्या पाण्यानं काय झालं ते."

अण्णा हौदात बघत राहिले. "ती गेल्यापासून या घरी कुणी पाणी घेऊन आलं नव्हतं," ते म्हणाले.

तेवढ्यात चाचाच आले. दोन्ही हातांत तांब्या, एक थेंब सांडू न देता. "ताजं हाय अण्णा," म्हणाले आणि आता अण्णा ते हौदात ओततील म्हणून बघत उभे राहिले. कोपऱ्यातल्या बरणीत एक मासा फिरत होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी तांब्या घेतला, "आधी मला द्या, मलाच लागलीय तहान," म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावला.