ऑकलंडचे सात

घड्याळाच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा. लोअर परळच्या ऑफिसात मी परदेशी ग्राहकांचे फोन घेतो, त्यामुळे कुठल्या देशात कधी उजाडतं हे मला तोंडपाठ आहे, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणून धाकट्या बहिणीसाठी, प्रितीसाठी, ऑकलंडचं स्थळ आलं आणि हितेंद्र नावाच्या त्या मुलाने रविवारी ‘आमच्या संध्याकाळी सात वाजता’ व्हिडिओ कॉल करतो असं कळवलं, तेव्हा हिशेब माझ्याकडे आला. न्यूझीलंड आपल्या साडेसहा तास पुढे. म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. मी जाहीर करून टाकलं.

आईला स्थळ पसंत होतं, अंतर पसंत नव्हतं. प्रिती होही म्हणत नव्हती आणि नाहीही. एकदा बोलून बघते, एवढंच म्हणाली होती.

रविवारी वेळ भरपूर हाताशी होता. प्रिती वरळी कोळीवाड्यातून बोंबील घेऊन आली आणि जुना गाऊन घालून साफ करायला बसली. बाबांनी केसांना कलप लावला. आई उशांचे अभ्रे बदलत होती. मी हाफपँटवर, मोबाईल कुठल्या डब्याला टेकवला की घर मोठं दिसेल ते बघत होतो. साडेअकराला तो हातातच वाजला आणि माझा अंगठा लागला.

पडद्यावर कोट घातलेला हितेंद्र आणि शेजारी त्याची आत्या. दोघांनी जय भीम केला. माझ्यामागे बाबा, डोक्यावर काळा लेप, खांद्यावर फाटका टॉवेल. त्यांनी तडक बाथरूम गाठलं, आतून कडी लावली आणि कॉल संपेपर्यंत ते बाहेर आलेच नाहीत. आई अर्धी कोंबलेली उशी धरून तशीच उभी राहिली.

मी म्हटलं, तुम्ही तासभर लवकर केलात. हितेंद्र गोंधळला. मग अवघडून सांगू लागला, की त्यांच्याकडे उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात, आणि ती नेमकी आज पहाटेच झाली. इंग्लंड-अमेरिकेची अशीच मागेपुढे होणारी घड्याळं मी वर्षानुवर्षं सांभाळतोय. पण तिकडे थंडी यायला लागते तेव्हा पृथ्वीच्या खालच्या अंगाला वसंत सुरू होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नंतर करतो म्हणून तो फोन ठेवणार, इतक्यात प्रिती उठून आली.

“राहू द्या. आता बघितलंच आहे तुम्ही. माझे हात तेवढे बोंबलाचे आहेत.”

हितेंद्र हसला. चार वर्षांत ओला बोंबील बघितला नाही म्हणाला, आणि त्याने कोट काढून ठेवला. प्रितीने सरळ विचारलं, तिथे कसं वाटतं? आत्या स्वच्छ हवा, बागा वगैरे सांगायला लागल्या. त्याने त्यांना हळूच थांबवलं.

“खरं सांगू? गाव छान आहे. पण मी कामावरून येतो, तेव्हा आई तिकडे भारतात शाळेत शिकवत असते. ती मोकळी होते, तेव्हा मी झोपलेला असतो. पहिलं वर्ष फार जड गेलं. अजूनही कधीकधी जातं.”

प्रितीने विचारलं, अशा वेळी काय करता? तो म्हणाला, घासलेली भांडी परत घासतो. आत्या उठून गेल्या, आईही स्वयंपाकघरात गेली. हाफपँटमुळे मी मोबाईल डब्याला टेकवून आधीच पडद्याबाहेर झालो होतो. ते दोघं मात्र बराच वेळ बोलत राहिले.

कॉल संपल्यावर बाबा बाहेर आले. कलप जास्त वेळ राहून केसांबरोबर त्यांचं कपाळही काळं झालं होतं. मुलगा कसा आहे, हे त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“मुलगा चांगला आहे,” आई म्हणाली. “पण लांब आहे गं.”

“लांब आहे हे त्यानेच सांगितलं,” प्रिती म्हणाली. “बाकीचे सगळे मला विमानाने किती पटकन पोचता येतं तेच सांगत होते.”

पुढच्या रविवारी पुन्हा बोलायचं ठरलं होतं. किती वाजता, ते त्या दोघांनीच ठरवलं होतं. मला कुणी काही विचारलं नाही. माझ्याकडे बोंबलांवर पाटा ठेवून त्यांचं पाणी काढायचं काम आलं.